मंडेला : दोन कप आणि एक फुलपँट

आम्हाला मंडेला सांगितला जातो. परिसंवादात सांगितला जातो, अग्रलेखात सांगितला जातो, आणि दलित कवितेच्या परीक्षणात तर हमखास सांगितला जातो. २७ वर्षं तुरुंगात काढली, बाहेर आला आणि कोंडणाऱ्यांनाच माफ करून मोकळा झाला. मनात कडवटपणाचा लवलेश नाही. आणि तुम्ही लोक अजून शिव्याच घालताय! असा एकूण सूर. शाळेत मास्तर एखाद्या गुमान बसलेल्या पोराकडं बोट दाखवून बाकीच्यांना गप्प करायचे, तसा मंडेला आमच्यासमोर धरला जातो. माणूस म्हणून नाही, तोंडावर ठेवायचं बोट म्हणून.

म्हणून म्हटलं, हा माणूस नीट वाचून बघावा. दुसऱ्यांनी त्याच्यावर लिहिलेलं नाही, त्यानं स्वतः लिहिलेलं. 'लाँग वॉक टू फ्रीडम' हे त्याचं आत्मचरित्र १९९४ साली आलं. त्या पुस्तकाच्या आधारानं, आणि पुस्तक संपल्यावर जे घडलं त्याच्या आधारानं, मला एकच गोष्ट तपासायची आहे. या माणसाची शांतता नेमकी कसली होती, आणि तिची किंमत कुणी मोजली?

आधी पुस्तकाची जन्मकथा. ती पुस्तकाइतकीच महत्त्वाची आहे. १९७५ च्या सुमारास रॉबेन बेटावरच्या तुरुंगात त्यानं हे चोरून लिहायला घेतलं. लिहिलेली पानं वॉल्टर सिसुलू आणि अहमद कथराडा वाचायचे, दुरुस्त्या सुचवायचे. दुसरे सोबती मुंगीएवढ्या अक्षरात त्याची नक्कल करायचे. १९७६ साली सुटलेल्या मॅक महाराजनं ती नक्कल बाहेर काढली. मूळ कागद डब्यांत घालून तुरुंगाच्या अंगणात पुरले होते. भिंत बांधायला खोदकाम निघालं आणि कागद सापडले. शिक्षा काय? चार वर्षं अभ्यासाची सवलत बंद. पुस्तक लिहिलं म्हणून पुस्तकं बंद. ही शिक्षा कशी लागते हे आमच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

पुढं सुटका झाल्यावर रिचर्ड स्टेंगल या अमेरिकी पत्रकाराच्या मदतीनं पुस्तक पुरं झालं. छापून आलं तेव्हा मंडेला राष्ट्राध्यक्ष होता. म्हणजे कैद्यानं सुरू केलेलं पुस्तक राष्ट्राध्यक्षानं संपवलं. या पुस्तकात दोन आवाज आहेत ते त्यामुळं. कैदी बोलतो तिथं बारीकसारीक तपशील येतात – भाकर, साखर, चड्डी, घोंगडी. राष्ट्राध्यक्ष बोलतो तिथं समित्या, ठराव आणि निवेदनं येतात. परीक्षणवाले बहुधा दुसऱ्या आवाजावर खूष असतात. मी पहिल्या आवाजाकडं बघणार आहे.

दोन नवे कप

१९१८ साली ट्रान्सकाय भागातल्या म्वेझो गावी हा जन्मला. बापानं नाव ठेवलं रोलिह्लाह्ला. झाडाची फांदी ओढणारा असा त्याचा अर्थ, आणि बोलीत म्हणायचं तर खोडसाळ, कुरापतखोर. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी सांगितलं, आजपासून तुझं नाव नेल्सन. कारण काळ्या पोराचं नाव गोऱ्यांच्या जिभेला वळत नाही, किंवा वळवायची त्यांची तयारी नाही. आमच्या आज्या-पणज्यांची नावं धोंड्या, कचऱ्या अशी का असायची हा प्रश्न ज्यानं कधी स्वतःला विचारलाय, त्याला हे पान दोनदा वाचावं लागेल. मंडेला मात्र ते शांतपणे सांगतो आणि पुढं जातो.

१९४१ साली तो जोहान्सबर्गला आला. गोऱ्या वकिलांच्या एका फर्ममध्ये उमेदवारीला लागला. फर्म त्या काळच्या मानानं उदार, काळ्या पोराला घेणारी. पहिल्याच दिवशी तिथली गोरी सेक्रेटरी त्याला सांगते, आमच्याकडं रंगभेद नाही हं. चहा आला की ट्रेमधून आपला आपण घ्यायचा. आणि बरं का, तुम्ही आलात म्हणून तुझ्यासाठी आणि गौरसाठी मुद्दाम दोन नवे कप आणलेत.

आपल्याकडच्या गावातल्या हॉटेलाबाहेर कोनाड्यात पालथी घातलेली, कान तुटलेली कपबशी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या 'नव्या' कपाचा अर्थ फोडून सांगायची गरज नाही. तिथं कप फुटका होता, इथं कोरा आहे. एवढाच फरक. कप वेगळा आहे हे महत्त्वाचं.

गौर म्हणजे गौर रादेबे. फर्ममध्ये आधीपासून काम करणारा दुसरा काळा माणूस. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचा आणि कम्युनिस्ट पक्षाचा कार्यकर्ता, तोंडानं तिखट. त्यानं मंडेलाला बजावलं, मी काय करतो ते बघ आणि तसंच कर. चहा आला. गौरनं दोन्ही नव्या कपांकडं ढुंकूनही बघितलं नाही. सगळ्यांदेखत जुन्यातला एक कप उचलला, सावकाश दूध-साखर घातली, चहा ओतला आणि उभ्यानं पिऊ लागला. सेक्रेटरी बघत राहिली. गौरनं मंडेलाला मान हलवून खुणावलं, चल, आता तू.

मंडेलानं काय केलं? तो म्हणाला, मला तहान नाही.

गौरला दुखवायचं नव्हतं, बायांनाही दुखवायचं नव्हतं. आपण तेव्हा तेवीस वर्षांचे होतो आणि मधला मार्ग बरा वाटला, असं तो स्वतःच लिहितो. त्या दिवसानंतर चहाच्या वेळी तो ऑफिसातल्या लहानशा स्वयंपाकघरात जाऊन एकटाच चहा प्यायचा.

अख्ख्या पुस्तकातला हा मला सगळ्यांत खरा प्रसंग वाटतो. कारण इथं लेखकानं स्वतःला झाकलेलं नाही. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं तेव्हा त्याचं बळ नेमकं इथं होतं. लेखक स्वतःच्या दबलेपणाकडं तोंड करून उभा राहिला होता. मंडेलाच्या पुस्तकात अशा जागा थोड्या आहेत, पण आहेत. आणि ज्याला आज शांततेचा पुतळा म्हणून मिरवतात त्याची शांतता सुरुवातीला अशी होती. तहान असून नाही म्हणणारी, एकट्यानं स्वयंपाकघरात बसणारी. ती शांतता थोर नव्हती आणि त्याला ते माहीत होतं.

आम्हाला जो मंडेला सांगितला जातो तो हा स्वयंपाकघरातला मंडेला असतो. फरक एवढाच की त्याला तहान नव्हती हे सांगणारे खरं मानतात.

एक फुलपँट

शार्पव्हिलला २१ मार्च १९६० रोजी पोलिसांनी ६९ माणसं मारली. पळणाऱ्यांच्या पाठीत गोळ्या घातल्या. त्यानंतर लगेच आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर बंदी आली. पन्नासेक वर्षं अर्ज, विनंत्या, मोर्चे, सत्याग्रह करून झाले होते. १६ डिसेंबर १९६१ ला उमखोंतो वि सिझवे, म्हणजे राष्ट्राचा भाला, या सशस्त्र संघटनेनं पहिले स्फोट केले. तिचा पहिला सेनापती कोण? नेल्सन मंडेला. सरकारी इमारती, विजेच्या तारा उडवायच्या पण माणूस मारायचा नाही, असं सुरुवातीचं धोरण होतं. तरी भाला तो भालाच.

हे पान परिसंवादात कुणी उघडत नाही. अमेरिकेच्या दहशतवादी यादीतून त्याचं नाव २००८ साली निघालं हेही कुणी सांगत नाही. तेव्हा त्याला शांततेचं नोबेल मिळून १५ वर्षं झाली होती.

१९६४ च्या जूनमध्ये रिव्होनिया खटल्यात जन्मठेप झाली आणि तो रॉबेन बेटावर गेला. इथं पुन्हा कैद्याचा आवाज लागतो. काळ्या आफ्रिकन कैद्याला हाफपँट. भारतीय आणि मिश्रवर्णीय कैद्याला फुलपँट. भारतीय आणि मिश्रवर्णीयाला ब्रेड. आफ्रिकनाला ब्रेड नाही, कारण म्हणे त्याला तो आवडत नाही. एकाच खटल्यात, एकाच जन्मठेपेत, एकाच विमानातून आलेला कथराडा फुलपँटीत आणि त्याच्याहून वयानं मोठा मंडेला, सिसुलू चड्डीत. मोठा माणूस असला तरी काळा म्हटलं की 'बॉय', आणि बॉयला चड्डी.

बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती हीच. नुसतं वर आणि खाली असं नाही. खालच्यांतही पायऱ्या. एकाला ब्रेड देऊन दुसऱ्यापासून तोडायचं. बेटावरच्या कैद्यांचं मोठेपण असं की ते तुटले नाहीत. ब्रेड मिळणारे ब्रेड न मिळणाऱ्यांसाठी लढले.

मंडेलानं चड्डीविरुद्ध तक्रारी सुरू केल्या. एक दिवस बघतो तर कोठडीत फुलपँट येऊन पडलेली. खूष झाला. पण घालण्याआधी चौकशी केली, बाकीच्यांना मिळाली का? नाही. फक्त त्याला. मग त्यानं वॉर्डरला सांगितलं, ही परत घेऊन जा. सगळ्या आफ्रिकन कैद्यांना मिळाली तरच मी घेणार. वॉर्डर वैतागला. तुला पाहिजे होती, दिली, आता नको म्हणतोस! पण मंडेला लिहितो ते पुढचं वाक्य आमच्यासाठी आहे. काळ्या माणसाच्या अंगाला लागलेली पँट हातात धरायला तो वॉर्डर तयार होईना. शेवटी कमांडिंग ऑफिसर स्वतः आला आणि घेऊन गेला. विटाळ दक्षिण आफ्रिकेतही होता, त्याला फक्त मनुस्मृती नव्हती.

आता कप आणि पँट शेजारी ठेवून बघा. तेवीस वर्षांचा मंडेला वेगळा कप नाकारत नाही, चहाच नाकारतो आणि एकटा पडतो. पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांचा मंडेला मिळालेली वस्तू नाकारतो ती सगळ्यांसाठी, आणि सगळ्यांसोबत चड्डीत राहतो. तहान आहे हे मोठ्यानं सांगतो, पण मला एकट्याला पाणी नको म्हणतो. माझ्या मते मंडेला मोठा झाला तो इथं. त्याची खरी शांतता इथून सुरू होते आणि तिच्यात नकार भरलेला आहे. दलित साहित्याला 'नकारवादी' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हे पान जरूर वाचावं.

१९८५ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथानं जाहीर केलं, हिंसेचा बिनशर्त त्याग करत असाल तर सोडतो. मंडेला तोवर २२ वर्षं आत होता. १० फेब्रुवारीला सोवेटोच्या स्टेडियमवर त्याची मुलगी झिंझी हिनं त्याचं उत्तर वाचून दाखवलं. आशय असा : हिंसा आधी तुम्ही सोडा. करार मोकळी माणसं करतात, कैदी करू शकत नाही. आणि माझी सुटका माझ्या लोकांच्या सुटकेपासून वेगळी काढता येणार नाही. ही पुन्हा फुलपँटच. फक्त या खेपेला पँटीच्या जागी अख्खं आयुष्य होतं.

घरच्यांनी मोजलेलं

इथं पुस्तकातल्या एका उणिवेबद्दल बोललं पाहिजे. १९६८ साली आई गेली. १९६९ साली थोरला मुलगा थेंबी मोटार अपघातात गेला. दोन्ही मातींना जाऊ दिलं नाही. हे पुस्तकात आहे. पण विनीच्या आयुष्याचं काय? १९६९-७० मध्ये तिला ४९१ दिवस डांबलं, त्यातला बराच काळ अंधारकोठडीत. १९७७ साली तिला ब्रँडफोर्ट नावाच्या कुठल्या कुठं आडगावात हद्दपार केलं. मंडेला हळहळतो, स्वतःला दोष देतो, सगळं खरं. तरी ती पुस्तकात नेत्याची बायको म्हणूनच उरते. पुढं तिच्या नावावर काळे डागही लागले. १९९१ साली अपहरणाच्या गुन्ह्यात ती दोषी ठरली. ते झाकायचं कारण नाही. पण पोलिसांनी जिला वर्षानुवर्षं तुडवलं तिच्यात उतरलेला विखार आणि जगानं पुजलेली मंडेलाची शांतता, ही एकाच घराची दोन अंगं आहेत. जग एकाची पूजा करतं आणि दुसरीचं नाव काढत नाही.

आपल्याकडं बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' मध्ये घरातल्या बाईचा मार बाहेर मांडला, तेव्हा चळवळीचा इतिहास पुरा होऊ लागला. राष्ट्राध्यक्षाच्या पुस्तकाला ते जमलेलं नाही.

टेबलावर काय ठेवलं होतं

११ फेब्रुवारी १९९० ला तो सुटला. त्याआधीच त्यानं सरकारशी गुप्त बोलणी चालू केली होती, आणि सुरुवात सोबत्यांना न विचारता केली होती. कधी कधी मेंढपाळाला कळपाच्या पुढं जावं लागतं अशा अर्थाचं समर्थन तो देतो. हे मला खटकतं. पुढाऱ्याला मेंढपाळ आणि लोकांना मेंढरं म्हणायची सवय आम्ही आमच्या चळवळीतही पाहिली आणि तिचा हिशोब अजून फिटलेला नाही. पण हेही खरं की तो मेंढपाळ परत येऊन कळपाला सगळं सांगत होता. नंतरच्या पुढाऱ्यांनी तेवढंही केलं नाही, तिथल्याही आणि इथल्याही.

१९९० ते १९९४ हा काळ शांततेचा होता असं ज्याला वाटतं त्यानं आकडा ऐकावा. या चार वर्षांत सुमारे १४,००० माणसं राजकीय हिंसाचारात मेली. लष्कर गोऱ्यांच्या हातात, पोलीस गोऱ्यांच्या हातात, खजिना गोऱ्यांच्या हातात. जून १९९२ मध्ये बोईपाटोंगला चाळीसहून जास्त माणसं एका रात्रीत कापली गेली तेव्हा मंडेलानं बोलणी थांबवली. त्याआधी डिसेंबर १९९१ मध्ये वाटाघाटींच्या पहिल्याच दिवशी, टीव्हीवर सारा देश बघत असताना, त्यानं द क्लर्कला समोरासमोर झापलं होतं. हा माणूस राग गिळून बसणारा नव्हता. राग कधी काढायचा ते त्याला कळत होतं.

१० एप्रिल १९९३. ख्रिस हानी, तरुणांचा सगळ्यांत लाडका पुढारी, घराच्या दारात गोळ्या घालून मारला. मारणारा पोलंडहून आलेला गोरा. देश पेटायच्या बेतात. त्या रात्री टीव्हीवर गोरा राष्ट्राध्यक्ष आला नाही, मंडेला आला. त्यानं सांगितलं की मारणारा गोरा होता, पण ज्या शेजारणीनं गाडीचा नंबर पोलिसांना दिला तीही गोरीच, आफ्रिकानर होती. लोकांना आवरलं. पण नुसतं आवरलं नाही. त्या मरणाच्या दडपणाखाली पुढच्या दोन महिन्यांत निवडणुकीची तारीख पक्की करून घेतली : २७ एप्रिल १९९४. आम्हाला शांततेचा उपदेश करणारे अर्धीच गोष्ट सांगतात. शांत राहा म्हणतात. शांत राहण्याच्या बदल्यात तारीख मागावी, हे सांगत नाहीत.

२७ एप्रिलला काळ्या माणसानं पहिल्यांदा मत दिलं. सगळ्यांनी दिलं. ही फुलपँट सगळ्यांना मिळाली, आणि ती मंडेलानं आणि त्याच्या लोकांनी मिळवली. याचं मोल कमी करणारा माणूस करंटा.

आणि तहान?

पण ट्रे कुणाच्या हातात राहिला?

१९१३ च्या जमीन कायद्यानं देशाच्या फक्त ७ टक्के जमिनीवर काळ्यांचा हक्क ठेवला होता. १९३६ साली तो सुमारे १३ टक्के केला. बाकी सगळी गोऱ्यांची. १९५५ साली क्लिपटाउनच्या सभेत मंजूर झालेल्या स्वातंत्र्याच्या सनदेत जमीन कसणाऱ्यांत वाटायची, खाणी आणि बँका लोकांच्या मालकीच्या करायच्या असं होतं. तुरुंगातून बाहेर पडताना मंडेला तेच म्हणत होता. १९९२ साली दावोसला जगातल्या पैसेवाल्यांच्या बैठकीला गेला आणि राष्ट्रीयीकरणाचा आग्रह सोडून परतला. राज्यघटनेत मालमत्तेचा हक्क आला. त्याच कलमात जमीनसुधारणेची वाटही ठेवली होती, हे न सांगणं अन्याय होईल. पण चालायचं कुणी? पाच वर्षांत ३० टक्के शेतजमीन वाटायचं १९९४ सालचं वचन होतं. १९९९ साली मंडेलानं पद सोडलं तेव्हा त्याच्या जवळपासही कुणी पोचलं नव्हतं. २०१७ च्या सरकारी पाहणीत व्यक्तींच्या मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांकडं निघाली. काळ्या आफ्रिकनांकडं ४ टक्के.

सत्यशोधन आणि सलोखा आयोगाचंही असंच. डेस्मंड टुटू अध्यक्ष. एप्रिल १९९६ मध्ये ईस्ट लंडनला पहिली सुनावणी झाली. नोमोंडे कलाटा ही मारल्या गेलेल्या फोर्ट कलाटाची बायको. साक्ष देताना तिनं मागं वाकून जो टाहो फोडला तो साऱ्या देशानं ऐकला. ऐकलं ही मोठी गोष्टच. आमच्या खैरलांजीला, आमच्या मराठवाड्याला असा आयोग कधी मिळाला नाही. पण ऐकल्यावर काय? सत्य सांगितलं की माफी, असा सौदा होता. माफीचे ७,११२ अर्ज आले, ८४९ मंजूर झाले. ज्यांना माफी नाकारली किंवा ज्यांनी मागितलीच नाही, त्यांच्यावर तरी खटले चालावेत ना? बोटांवर मोजण्याइतके चालले. स्टीव्ह बिकोच्या घरच्यांनी तर आधीच कोर्टात सांगितलं होतं की आम्हाला माफी नको, न्याय हवा. १९९६ साली घटना न्यायालयानं त्यांचा दावा फेटाळला. आणि ज्यांनी सोसलं त्यांना २००३ साली एकरकमी ३०,००० रँड देऊन विषय मिटवला. मारणाऱ्याला माफी ताबडतोब, मार खाणाऱ्याची भरपाई सवडीनं आणि तीही आयोगानं सुचवली त्याहून कितीतरी कमी.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष मंडेला ओरानिया नावाच्या गावी गेला. तिथं फक्त आफ्रिकानर गोरे राहतात. हेंड्रिक फरवुर्ट, वर्णभेदाचा शिल्पकार समजला जाणारा पंतप्रधान, त्याची नव्वदी पार केलेली विधवा तिथं राहत होती. तिच्याकडं मंडेला चहाला गेला. जगभर फोटो छापून आले.

कप आता वेगळा नव्हता. तेवीसाव्या वर्षी नाकारलेला चहा त्यानं सत्त्याहत्तराव्या वर्षी ताठ मानेनं घेतला. मी त्याला हसणार नाही. पण गाव? गाव तिथंच आहे, गोऱ्यांचंच आहे, खासगी मालकीच्या जमिनीवर आहे. कपाचा विटाळ गेला, जमिनीची मालकी हलली नाही. १९९४ च्या तडजोडीचं माझं वाचन हे असं आहे. मताच्या बाबतीत मंडेलानं फुलपँट सगळ्यांसाठी मिळवली. जमिनीच्या बाबतीत तो पुन्हा म्हणाला, मला तहान नाही. आणि या खेपेला तहान त्याची एकट्याची नव्हती.

याला मी गद्दारी म्हणत नाही. तिथले काही तरुण म्हणतात. भाडं, दाखला आणि पोट यांच्यात अडकलेल्या पोराला तसं वाटलं तर त्याला मी दोषही देत नाही. पण समोरच्याच्या हातात बंदूक असताना झालेले करार आम्ही ओळखतो. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात बाबासाहेबांनी सही केली तेव्हा त्यांच्या हातावर एका महात्म्याच्या जिवाचं ओझं ठेवलेलं होतं. करार करणाऱ्याला तपासताना त्याच्या गळ्यावर काय होतं तेही तपासावं लागतं. मात्र बाबासाहेबांनी त्या कराराला कधी सलोखा म्हणून मिरवलं नाही. पुढं आयुष्यभर त्याची चिरफाड केली. आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावून ठेवलं की राजकारणात समता आणि समाजात, अर्थकारणात विषमता असा विसंगतीचा संसार फार काळ ओढला तर सोसणारेच ही इमारत उडवतील. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले ते याच धाग्यानं. मंडेलाच्या पुस्तकात असा शेवटचा इशारा मला सापडत नाही. चढून आलो, अजून टेकड्या आहेत, असा शेवट आहे. टेकडी कुणाच्या मालकीची, हे नाही.

१६ ऑगस्ट २०१२ ला मारिकानाच्या खाणीवर संपकरी कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. ३४ मेले. सरकार काळ्यांचं, पोलीस मंत्री काळा, मेलेले काळे. मंडेला तेव्हा हयात होता. पुढच्या वर्षी ५ डिसेंबरला गेला. नुकसानभरपाईशिवायही काही जमिनी ताब्यात घेता येतील असा कायदा जानेवारी २०२५ मध्ये सहीला पोचला, म्हणजे पहिल्या मतदानानंतर जवळजवळ ३१ वर्षांनी.

आता आमच्या घरचं. भारत सरकारनं १९९० साली मंडेलाला भारतरत्न दिलं. चांगलं केलं. १९४६ साली दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा हा पहिला देश, याचाही अभिमान वाटतो. पण २००१ साली त्याच मंडेलाच्या देशात, डर्बनला, वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली. दलित संघटना तिथं गेल्या आणि म्हणाल्या, जातीचंही बोला. तेव्हा भारत सरकारनं काय म्हटलं? जात म्हणजे वंश नाही, आमचा घरातला मामला आहे. दुसऱ्याच्या ट्रेवरचे दोन कप आम्हाला साता समुद्रांपलीकडून दिसतात. कोनाड्यातली कपबशी मात्र घरातला मामला.

म्हणून परिसंवादवाल्यांना एवढंच विचारायचं. तुम्ही आम्हाला सांगता तो मंडेला कुठला? तहान नाही म्हणणारा की फुलपँट परत करणारा? दुसरा असेल तर या, बसून बोलू. त्याच्या शांततेला आमची ना नाही, कारण ती मागणी सोडत नव्हती आणि एकट्यासाठी काही घेत नव्हती. तिच्याशी आमच्या कवितेच्या रागाचं भांडण नाही, नातं आहे. पहिला असेल तर तो तुमच्या स्वयंपाकघरातच राहू द्या.

आणि शेवटी गौर रादेबे. मंडेलाला बढती मिळावी, दोन काळ्यांची अडचण नको, म्हणून त्यानं स्वतः ती नोकरी सोडली. १९४३ साली अलेक्झांड्रा वस्तीत बसचं भाडं चार पेनीचं पाच पेनी झालं तेव्हा हजारो लोक नऊ दिवस पायी कामावर गेले आणि कंपनीला भाडं उतरवावं लागलं. त्या बहिष्काराच्या पुढाऱ्यांत गौर होता आणि त्याच्यामागं चालणाऱ्या गर्दीत तरुण मंडेला होता. बघ्याचा कार्यकर्ता आपण तिथं झालो, असं त्यानंच लिहून ठेवलंय. मंडेलावर शेकड्यांनी पुस्तकं आहेत. ट्रेवरचा जुना कप उचलणाऱ्या त्या माणसावर आपल्यापैकी कुणीतरी लिहायला घ्यावं.